पोरगं पुण्यात, घरकुल रद्द

माझे बाबा शेतकरी आहेत. तीन एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. पीएम-किसानचे वर्षाला सहा हजार त्यांना मिळतात. त्या योजनेत शेतकरी कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं. मी अठ्ठावीस वर्षांचा, म्हणजे तिथे मी त्यांच्या कुटुंबात नाही. आयकर खात्याच्या दृष्टीनेही माझं उत्पन्न माझं आणि त्यांचं त्यांचं. पण घरकुलाची यादी तपासायला घेतली, की मी परत त्यांच्या चुलीपाशी पाट मांडून बसलेला सापडतो. माझा पगार बघून त्यांचं नाव कटतं.

प्रधानमंत्री आवास योजनेचा ग्रामीण भाग २०१६ साली सुरू झाला. लाभार्थी निवडले गेले ते २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय सर्वेक्षणातून. त्यात सुटलेल्यांसाठी २०१८ मध्ये पुन्हा पाहणी झाली, जिची यादी आपल्याकडे गावोगावी ‘प्रपत्र ड’ किंवा नुसती ‘ड यादी’ म्हणून ओळखली जाते. आपल्या जनगणनेत कुटुंब मोजायची जुनी रीत चुलीची आहे. एकत्र राहणारी आणि एका चुलीवर जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. त्याला एक पुस्ती जोडलेली आहे: कामाच्या निकडीमुळे कुणाला तसं राहता येत नसेल तर तो अपवाद धरावा. ही पुस्ती कधीकाळी रात्रपाळीचा कामगार किंवा फिरतीवरचा माणूस मोजणीतून सुटू नये म्हणून लिहिली असावी. आज तिच्या आधारे वाकडला तिघांत खोली घेऊन राहणारा पोरगा घाटाखालच्या गावात जेवतो असं मानता येतं.

मग येतात अपात्रतेचे निकष. कुटुंबातल्या कुठल्याही सदस्याची महिन्याची कमाई १०,००० रुपयांच्या वर असेल, तर अख्खं कुटुंब बाद. ती कमाई घरी येते का, पोरगा घरी राहतो का, हा प्रश्न निकषात नाही. २०१८ च्या पाहणीत बाबांचं नाव होतं, कारण मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो आणि कमवत नव्हतो. पुढे पडताळणी झाली तेव्हा मला २१,००० पगाराची नोकरी लागलेली. शैक्षणिक कर्जाचा हप्ता, खोलीचं भाडं आणि खाणावळ वजा जाता महिन्याला तीनचार हजार गावी जायचे. शेरा पडला: अपात्र. भिंती मातीच्याच, टिनं तीच, पावसाळ्यात आई जिथे परात ठेवते ती जागाही तीच. घरातून कमी झालं होतं ते एक माणूस.

याचा हिशेब मांडून बघा. सर्वेक्षणात वंचिततेचे काही निकष होते. १६ ते ५९ वयाचा एकही प्रौढ सदस्य नसलेलं कुटुंब, हा त्यातला एक. म्हणजे साठीच्या पुढचं जोडपं एकटं राहत असेल तर त्याला प्राधान्य मिळावं, हे सरकारलाही कळत होतं. पण परगावी गेलेला पोरगा कागदावर घरातच धरला, की हा प्राधान्याचा गुण जातो आणि वर त्याच्या पगाराने अपात्रता येते. एकाच माणसाच्या नावाने दोनदा फटका. पोरगा शिकूनही पारावर बसून राहिला असता तर घरकुल आलं असतं.

आता शहरात या. याच योजनेच्या शहरी भागात मध्यम उत्पन्न गटाला गृहकर्जाच्या व्याजावर अनुदान होतं. वर्षाला १८ लाखांपर्यंत कमावणारे त्यात बसत. तिथे नियम होता की कमावता सज्ञान सदस्य, लग्न झालेलं असो वा नसो, वेगळं कुटुंब मानता येईल. फक्त त्याच्या स्वतःच्या नावावर देशात कुठे पक्कं घर नको. माझ्या ओळखीतल्या एका अविवाहित पोराने यातून फ्लॅट घेतला. त्याच्या वडिलांचा पक्का बंगला आहे. नियमाप्रमाणे त्यात काहीच गैर नाही. या गटात व्याजाचं अनुदान सव्वादोन लाखांच्या वर जाऊ शकत होतं. सपाट भागातल्या ग्रामीण घरकुलाला १,२०,००० मिळतात.

म्हणजे बापाचं घर मोजताना शहरातला पोरगा वेगळा, आणि पोराचा पगार मोजताना गावातला पोरगा बापाचा. दोन्ही नियम एकाच नावाच्या योजनेतले. माझ्या हाताखालच्या कुणी एकाच प्रणालीत ‘कुटुंब’ या शब्दाचे असे दोन अर्थ लिहिले असते, तर मी ते काम तपासणीतच परत पाठवलं असतं.

२०२४ मध्ये ग्रामीण योजना पाच वर्षांसाठी वाढवली, आणखी दोन कोटी घरं जाहीर झाली, आणि निकष सैल केले. दुचाकी आणि फ्रिज असलेला माणूस आता बाद होत नाही. कमाईची मर्यादा १५,००० झाली. पेपरांनी हे ठळक छापलं. मी निकषांची पूर्ण यादी वाचली, कारण माझा धंदाच तो आहे. त्यात एक ओळ जशीच्या तशी उरली आहे: व्यवसाय कर भरणारं कुटुंब अपात्र. महाराष्ट्रात पुरुषाचा पगार महिना ७,५०० च्या वर गेला की व्यवसाय कर लागतो. चाकणला कंत्राटावर लागलेल्या, १२,००० मिळवणाऱ्या पोराच्या पगारपत्रकात दर महिन्याला २०० रुपये कापलेले असतात. त्याची कमाई १५,००० च्या आत आहे, तरीही त्या दोनशे रुपयांमुळे त्याच्या आईबापाला बाद करता येतं. (बाईमाणसाला २०२३ पासून २५,००० पर्यंत हा कर माफ आहे. तेव्हा पोराऐवजी पोरगी चाकणला गेली, तर निदान ही ओळ आड येत नाही.) रोखीने मजुरी घेणारा मात्र कुठेच दिसत नाही. नियमाने शिक्षा कुणाला होते, तर ज्याच्या हाती पगारपत्रक आहे त्याला.

ब्रिटनमध्ये घरभाड्यासाठी सरकारी मदत असते. तिथे घरात कमावता सज्ञान मुलगा राहत असेल, तर तो भाड्याला हातभार लावतो असं धरून मदतीतून काही रक्कम कापतात, तीही त्याच्या कमाईच्या टप्प्यांप्रमाणे. तो घर सोडून गेला की कपात थांबते. ते लोक काही फार दयाळू नाहीत. २०१३ पासून सरकारी घरात एक खोली जास्त ठरली तर मदत १४ टक्क्यांनी कमी करतात, आणि मुलगा गेल्यावर त्याची रिकामी खोली कधीकधी अशीच अंगावर येते. पण मुलगा गेला, एवढं तिथल्या कागदाला समजतं. आपल्याकडे टप्पेही नाहीत. १५,००० ला पूर्ण घर, १५,००१ ला शून्य.

यावर हमखास येणारं उत्तर मी आमच्या गावात बाबांच्या तोंडावर दिलेलं ऐकलं आहे. ‘तुमचा पोरगा इंजिनिअर हाय, तुम्हाले काहून पाह्यजे घरकुल?’ त्यात तथ्य आहे. ज्यांची पोरं लाखाने कमावतात आणि ज्यांचे बाप घरकुल उचलतात, अशी उदाहरणं प्रत्येक तालुक्यात निघतील. आईबापाला घर बांधून देणं पोराचं कामच आहे, आणि मी ते करणारच आहे. पण घाटाखालच्या काळ्या मातीत पाया खोल घ्यावा लागतो, उथळ पायाची भिंत दोन उन्हाळ्यांत तडकते; हे काम नवख्या पोराच्या पगारातून व्हायला सातआठ वर्षं लागतात. ती वर्षं ते दोघं कुठे राहणार? २०२३ च्या जुलैत संग्रामपूर, जळगाव जामोदकडे पूर आला, तेव्हा पाण्याने मातीच्या भिंतीला मालकाचा पोरगा कुठल्या कंपनीत आहे हे विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर जिल्ह्यातून बाहेर गेलेल्यांत माझ्यासारखे इंजिनिअर थोडेच. गोदामात माल उचलणारे, सोसायटीच्या गेटवर बसणारे, दुचाकीवरून जेवणाची पार्सलं पोचवणारे जास्त. त्यांनी सातआठ वर्षांत घर बांधावं हे कुणी सांगू नये.

लोकांनी अर्थात यावर वाट शोधली आहे. पोराचं नाव रेशनकार्डावरून कमी करायचं, वेगळं कार्ड काढायचं, विभक्त झाल्याचं लिहून द्यायचं. एका छपराखालचे सख्खे भाऊ कागदावर वेगळे निघतात, आणि खरोखर वेगळा राहणारा मी मात्र एकत्र. आम्हालाही हा सल्ला मिळाला. बाबा ऐकेनात. आमच्याकडे कार्डावरून नाव कमी होतं ते मयताचं, नाहीतर सासरी गेलेल्या पोरीचं. ‘जित्या मानसाचं नाव कोनी कमी करते काय बावा?’ एवढंच म्हणाले आणि विषय मिटवला. मला त्यांच्या हट्टाचा राग येत नाही. सरकारी मदत मिळवायला माणसाला पोराशी नातं तोडल्याचं लिहून द्यावं लागत असेल, तर राग त्या अर्जाचा यावा.

२०२४ नंतरच्या पाहणीत मोबाइल ॲप आहे. चेहऱ्याने ओळख पटवतात, राहत्या घराचा फोटो जागेच्या नोंदीसह चढवतात. चांगलं आहे. घर कच्चं आहे हे फोटोत दिसतं, त्यात कोण राहतं हे शेजारीपाजारी सांगतात. मग त्या ॲपमध्ये प्रत्येक सज्ञान सदस्यापुढे एक रकाना वाढवा: गेले बारा महिने हा इथे राहतो का? उत्तर ‘नाही’ आलं, तर त्याची कमाई आणि त्याचा व्यवसाय कर पात्रतेतून वगळा, आणि १६ ते ५९ च्या मोजणीतूनही त्याला काढा. गैरफायद्याची भीती असेल तर ग्रामसभेत ती नावं वाचून दाखवा; गावात कोण राहतं आणि कोण दिवाळीलाच येतं हे सगळ्यांना पाठ असतं. पोराची कमाई मोजायचीच असेल तर मर्यादा इतकी वर न्या की ती ओलांडणारा खरोखर घर बांधू शकेल, आणि व्यवसाय कराची ओळ निकषांतून काढा. रकाना वाढवणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. निकष बदलायला दिल्लीत सही लागते, आणि ती मागायची तर आमच्या जिल्ह्याच्या खासदाराने, तेरा तालुक्यांच्या आमदारांनी ‘घरकुल मंजूर’चे फलक लावण्याआधी कटलेल्या नावांची यादी मागवून तिच्यातला कारणाचा रकाना वाचायला हवा.