जलप्रवासातील पायसूज

मुंबईहून गोव्याला वा लक्षद्वीपला निघालेल्या क्रूझवर अनेक ज्येष्ठांचे घोटे सुजतात. पायांतील रक्त वर ढकलण्याचे काम पोटऱ्यांचे स्नायू करतात. तासन्‌तास बसून राहिल्यास ते मंदावते. उष्मा आणि खारट पदार्थ त्यात भर घालतात. म्हणून आपण दर तासाला कठडा धरून पाच मिनिटे चालावे, बसल्या जागी टाचा उचलाव्यात, लोणचे-पापड टाळावेत, निजताना पाय उशीवर ठेवावेत. लघवीची गोळी स्वतःच्या मनाने वाढवू वा थांबवू नये.

सोबत्यांनी एक ध्यानी ठेवावे: एकच पाय सुजून दुखू लागला, तर तो तेल लावून चोळू नये; आत रक्ताची गुठळी असू शकते. जहाजावरील डॉक्टरांना तत्काळ दाखवावे. धाप लागली वा छातीत दुखले, तर क्षणाचाही विलंब नको.