बाळू पालवणकरच्या शाळेची चिठ्ठी कुठाय?

गोदीत एक खोकं चिठ्ठीशिवाय हलत नाही. टॅली क्लार्क मोजतो, मार्का बघतो, मगच माल बाहेर. आमच्या सभांत मात्र वाटेल तो माल बिनचिठ्ठीचा पास होतो. बाळू पालवणकरचंच घ्या. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर विकेट काढणारा चांभाराचा पोरगा. भंडाऱ्यात आमच्या वस्तीत जयंतीला एक वक्ता म्हणाला, बाळू लहानपणी वर्गात पहिला यायचा. टाळ्या. मुंबईत दुसरा म्हणाला, तो अंगठाछाप होता, पण हातात उपजत जादू होती. तिथंही टाळ्याच. दोघांना विचारलं, कुठं वाचलंत? एकानं चहा पुढं केला. दुसरा म्हणाला, सगळेच सांगतात.

सगळेच सांगतात! विटाळ होतो हेही सगळेच सांगत होते.

दोस्तहो, पुस्तकं उघडली की काय हाती लागतं? बाळू आणि शिवराम काही काळ शाळेत गेले, घराला हातभार लावायला शाळा सुटली. ओळ तिथंच संपते. जन्म धारवाडचा, पण साल कुठं 1875, कुठं 1876. धाकटा भाऊ विठ्ठल यानं 1948 साली 'माझे क्रीडा-जीवन' लिहिलं. मोलाचं पुस्तक. पण विठ्ठल बाळूपेक्षा दहा-एक वर्षांनी लहान. मैदानाचा तो साक्षीदार, थोरल्याच्या वर्गाचा नाही.

शाळा एका ओळीत उरकली, मजुरी मात्र नीट नोंदलेली सापडते. पुण्यात पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडायची, रोलर ओढायचा, महिना 3 रुपये. 1892 च्या सुमारास साहेबांच्या पूना क्लबात 4 रुपये. म्हणजे सतराच्या आत-बाहेरचं पोरगं कुठं होतं ते पगारावरून कळतं. आता कॅप्टन ग्रेगला बाद केलं की आठ आणे मिळायचे ही गोष्ट. तीही आख्यायिकाच, पण ती सांगायला कुणाची जीभ अडखळत नाही.

ज्या धारवाडात बाळू जन्मला, तिथंच 1856 साली एका महार पोरानं सरकारी शाळेत घ्या म्हणून अर्ज केला होता. मुंबई सरकारनं हात वर केले. बाळूचा बाप लष्कराच्या नोकरीत होता, आणि पलटणीच्या शाळांतून आपली माणसं शिकली. रामजी सुभेदार तर अशाच शाळेत मास्तर होते. तेव्हा बाळू पलटणीच्या शाळेत गेला असेल, असा माझा अंदाज. अंदाज म्हणजे अंदाज, भाषणात खपवू नका.

अंगठाछापवाल्याचं मात्र थेट उत्तर आहे. 1932 च्या पुणे करारावर सह्या करणाऱ्यांत पी. बाळू हे नाव आहे. सहीनं पहिला नंबर सिद्ध होत नाही, पण अंगठा खोटा पडतो. आणि हा अंगठा साधा नाही. 'अडाणी पण उपजत गुणी' म्हटलं की डोकं काढून घेतलं, नुसता हात ठेवला. मग कॅप्टनपद कशाला द्यायचं? बाळूला हिंदू संघाचं कॅप्टनपद नाकारलं ते जातीनं. 1913 साली खुद्द कॅप्टन पै बोलले की हा मान बाळूचा होता. 1920 मध्ये विठ्ठल आणि शिवराम याच मुद्द्यावर संघातून बाहेर पडले, तेव्हा कुठं 1923 मध्ये विठ्ठल कॅप्टन झाला. आमचा वक्ता त्याला पहिला नंबर देतो, तोही याच जखमेवर फुंकर घालायला. पण ज्याला शाळेतून उठून रोलर ओढावा लागला, त्याला गुणपत्रिका चिकटवली की रोलरच पुसला जातो.

1937 मध्ये हा बाळू काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांविरुद्ध उभा राहिला नि पडला. तेही सांगा. 1954 च्या पोटनिवडणुकीत आमच्या भंडाऱ्यात बाबासाहेब हरले, ते आम्ही लपवतो का?

बाबासाहेबांच्या शाळेबद्दल कुणी गप्पा ठोकू शकत नाही. सातारच्या राजवाड्यातल्या सरकारी शाळेचं रजिस्टर आहे. 7 नोव्हेंबर 1900, भिवा रामजी आंबेडकर, क्रमांक 1914. असं पान बाळूचं हवं. पुण्यातल्या आपल्या पोरांनी कॅम्प आणि खडकीकडच्या जुन्या शाळांची 1880 ते 1890 ची दाखला-रजिस्टरं मागावीत. हेडमास्तर नाही म्हणाला तर लेखी अर्ज टाका, पोच घ्या. नाव सापडलं तर शाळा, पान आणि नोंदीचा आकडा उतरवून इथं पाठवा, फोटोसकट. नाही सापडलं तर कुठली रजिस्टरं पाहिली ते पाठवा. तेही छापू.