सरड्याची अंडी मातीतच राहू द्या

पावसाळ्यात अलिबागच्या वाड्यांत माती उकरताना सरड्याची पांढरी, मऊ कवचाची अंडी सापडतात. ती घरी नेऊन दिव्याखाली उबवण्याचा मोह विद्यार्थ्यांनी टाळावा, असे माझे मत आहे.

कोंबडी अंडी फिरवते, म्हणून आपलाही हात शिवशिवतो. पण कासवाच्या अंड्यात गर्भ कवचाला आतून चिकटतो. अंडे उलटले तर तो मरू शकतो. सरड्याच्या अंड्यांबाबतही तीच काळजी घ्यावी लागते. शिवाय दिव्याखालचा डबा लवकर तापतो, लवकर निवतो आणि सुकतो. माती उष्णतेची मंदवाहक असल्याने काही सेंटिमीटर खाली तापमानाचा चढउतार बराच कमी होतो, ओलही टिकते.

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासला 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने २००२ पासून सागरी कासवांची अंडी जपली. चोरी व कोल्ह्याकुत्र्यांपासून वाचवण्यासाठी ती हलवली, तरी पुरली किनाऱ्याच्याच वाळूत.

तेव्हा सापडलेली अंडी न हलवता झाकावीत. थोड्या अंतरावर तेवढ्याच खोलीवर एक आणि जमिनीवर सावलीत दुसरी तापमापी ठेवावी. दर तीन तासांनी नोंद घेऊन दोन्हींचे आलेख काढावेत. शिक्षकांनी या प्रयोगाला प्रयोगवहीत जागा द्यावी. त्यात शिकायला भरपूर आहे, आणि जीवही वाचतो.