कंडम

इंग्रजी डिक्शनरीत एक क्रियापद आहे : कंडेम. अर्थ चार. निषेध करणे. शिक्षा ठोठावणे. वापरायला नालायक ठरवणे. भोगायला लावणे.

मी मॅट्रिक. हा शब्द गोदीत शिकलो. भिजलेल्या पोत्यांवर सर्व्हेअर खडू मारतो : कंडम!

2006 ला खैरलांजी झाली. पुढारी पहिला अर्थ घेऊन आले, निषेध नोंदवून जेवायला गेले. दुसरा अर्थ कोर्टाचा. 2008 ला सहा जणांना फाशी. 2010 ला हायकोर्टात तीही गेली. उरलेले दोन आमचे : चाळ कंडम, माणसं आतच.

दोस्तांनो, निषेध पुरे झाले. कंडम आपण नाही, ही व्यवस्था आहे. खडू हिसकावून घ्या!