रेघ कोण ओढतो?



मोजणीवाल्याची साखळी सरकली की आपल्याला लगेच कळतं. गट-गणाची रेघ सरकली तर कळत नाही. मार्च २०२२ मध्ये ही रेघ ओढायचं काम विधिमंडळाने निवडणूक आयोगाकडून काढून सरकारकडे दिलं, तेही एकमताने. जिल्हा परिषदेच्या कमाल जागा एका सरकारने ७५ च्या ८५ केल्या. त्याच वर्षी दुसरं आलं, त्याने परत ७५ केल्या. ज्याला त्याला आपल्या सोयीचा नकाशा पाहिजे.

आपले पाडे तीन गणांत फोडले की आपली मतं कुठंच पुरी पडत नाहीत. मग जंगल-दाव्यांचं विचारणार कोण?

प्रारूप नकाशा लागला की ग्रामसभेत वाचा. हरकत लेखी द्या, मुदतीत द्या, पोच घ्या. तोंडी ओरड दप्तरात राहत नाही.