चाकावरची ईर्यासमिती

अमेरिकेत मुलांकडे गेल्यावर मंदिरात जायलाही सुनेच्या सुट्टीची वाट का पाहायची? गाडी येत असेल तर तिथेही चालवावी, असं माझं ठाम मत आहे. निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. तो एक वर्ष चालतो. मूळ लायसन्सही जवळ ठेवा. तिथे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने जातात, म्हणून वळल्यावर सवयीने डावीकडे शिरू नका. ‘स्टॉप’च्या पाटीपाशी रस्ता रिकामा असला तरी चाकं पूर्ण थांबवा. शाळेच्या बसचे लाल दिवे लुकलुकू लागले की थांबाच. मुलं उतरत असतात. चार हात जमीन पाहून पाऊल टाकणं ही ईर्यासमिती मुनींची. पण स्टिअरिंग हाती घेतलेल्या श्राविकेनेही ती पाळावी. जीव जपायची सवय आपल्याला आहेच, मग भीती कसली?