पोळी आणि टाळी

‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण आपण बहुधा दुसऱ्यांना उद्देशून वापरतो. आपल्या स्वतःच्या राजकीय मतांचा उगम आपल्याच पोळीत असेल, अशी शंका सहसा कोणी घेत नाही. सुरतेत राहून ही म्हण पारखून पाहण्याची इच्छा आम्हांला झाली, कारण पोळीचा हिशेब इतका चोख ठेवणारे दुसरे शहर आमच्या पाहण्यात नाही.

येथील व्यापारी राज्यकर्त्यांना भितो, असे कोणी म्हणू नये. १८४४ साली मिठावरील कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपयावर गेला, तेव्हा या शहरात दंगल उसळली आणि सरकारला वाढीव कर मागे घ्यावा लागला. पुढे चारच वर्षांनी बंगाली वजनेमापे लादण्याचा घाट घातला गेला. तोही सुरतकरांनी बहिष्काराने हाणून पाडला. त्याच बाण्याने २०१७ च्या जुलैत, कापडावर पाच टक्के वस्तू व सेवा कर बसताच, रिंगरोडवरील कापडबाजार कित्येक दिवस बंद राहिला आणि प्रचंड मोर्चे निघाले. या वेळी सत्ताधारी पक्षाला सुरत जड जाणार, असे भाकीत अनेकांनी केले होते. ऑक्टोबरात कृत्रिम धाग्यावरील कर अठरा टक्क्यांवरून बारावर आला. डिसेंबरात विधानसभेची निवडणूक झाली, आणि जिल्ह्यातील १६ पैकी १५ जागा भारतीय जनता पक्षालाच मिळाल्या. शहरातील तर एकही गेली नाही! बाहेरच्यांना हे कोडे वाटले. आम्हांला तसे वाटत नाही. व्यापाऱ्याचे भांडण कराशी होते, पक्षाशी नव्हते. ज्या पेढीशी वर्षानुवर्षांचा व्यवहार आहे तिच्याशी दरावरून घासाघीस करावी, पण खाते बंद करू नये, ही बाजाराची रीतच आहे.

त्या बंदच्या दिवसांत यंत्रमाग कामगाराचे मात्र हाल झाले. त्याची मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर. माग थांबला की चूल थांबली. ओडिशातील गंजाम जिल्ह्यातून आलेले हजारो लोक येथे मागावर उभे असतात, पण त्यांच्यापैकी पुष्कळांची नावे गावाकडच्याच मतदारयादीत. पोळी सुरतेची आणि मत गंजामचे, मग त्यांच्या टाळीची वाट कोण पाहणार? त्यांच्या मजुरीचा प्रश्न निवडणुकीच्या सभेत क्वचितच निघतो, याचे नवल वाटायला नको.

आमच्या खानदेशी बांधवांची गोष्ट येथे निराळी झाली. तापीखोऱ्यातील आगगाडीने आलेली ही मंडळी उधना, लिंबायत, डिंडोलीत स्थिरावली. घर झाले, शिधापत्रिका झाली, यादीत नाव आले. लिंबायतने २०१२, २०१७ आणि २०२२ अशा तिन्ही वेळा श्रीमती संगीता पाटील यांना विधानसभेत पाठविले. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले श्री. सी. आर. पाटील २००९ पासून नवसारीचे खासदार आहेत, आणि लिंबायत व उधना त्याच मतदारसंघात येतात. काही जण यात मराठी अभिमान पाहतात. तोही असेल, परंतु नळ, गटार आणि घराची कागदपत्रे यांसाठी ज्याच्या दारी जावे लागते त्याच्याकडे मनही झुकते, असे आमचे मत आहे. यात कमीपणा कसला?

आता पाळी आपली, म्हणजे पगारदारांची. बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत ‘सरकार’ म्हणजे गायकवाड सरकार, हे समीकरण किती काळ टिकले, हे तेथील वाचक जाणतातच. बँकेत, रेल्वेत वा महाविद्यालयात नोकरी करणारे आम्ही स्वतःला तटस्थ समजतो आणि व्यापाऱ्याच्या हिशेबीपणाला हसतो. पण महागाई भत्ता आणि वेतन आयोग यांची चर्चा आमच्याइतकी तन्मयतेने कोण करतो? २०२२ मध्ये गुजरातेतील सरकारी कर्मचारी जुन्या निवृत्तिवेतनासाठी रस्त्यावर उतरले, तेव्हा तेही पोळीचेच गाऱ्हाणे होते.

मात्र पगारावरून माणूस ओळखू गेले तर फसगत होते, याची साक्षही सुरतच देते. टिळक आणि गोखले हे दोघेही पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य. सारख्याच तुटपुंज्या वेतनावर त्यांनी मुलांना शिकविले. सदस्यांनी संस्थेबाहेरची कामे पत्करावीत की नाही, यावरून मतभेद झाले, आणि इतर कारणांबरोबर त्यामुळेही टिळकांनी १८९० मध्ये संस्था सोडली. सतरा वर्षांनी, नागपूरऐवजी सुरतेत भरलेल्या काँग्रेस अधिवेशनात, डिसेंबर १९०७ मध्ये ते जहालांच्या बाजूला आणि गोखले नेमस्तांच्या बाजूला होते. मंडपात जोडा भिरकावला गेला, खुर्च्या उडाल्या, अधिवेशन मोडले. त्यानंतर दोन्ही पक्षांनी याच शहरात आपापल्या सभा वेगळ्या भरविल्या, आणि एके काळी एकाच पगारपत्रकावर सही करणारे हे दोन मास्तर दोन ठिकाणी बसले.